हिरीबाई भुरीला पोचवून आली

हिरीबाई आडे आज सत्तावन्न वर्षांची आहे. किन्हीराजाजवळच्या तांड्यावर तिचं दोन खोल्यांचं घर आहे. ओळीने वीस हंगाम ती सांगली-कोल्हापूरकडे ऊस तोडायला गेली. नवरा वारल्यावरही ती जात राहिली, कारण मुलगी शिकत होती. ही मुलगी म्हणजे हेमला. चौथीपर्यंत ती माझ्या वर्गात होती. पुढे ती वाशीमला नर्सिंग शिकली, मग जर्मन भाषा शिकली, आणि तीन वर्षांपूर्वी जर्मनीत कासेल नावाच्या शहरात दवाखान्यात नोकरीला लागली. घरी उरल्या हिरीबाई आणि भुरी.

भुरी म्हणजे मांजर. वाशीमच्या होस्टेलमागे सापडलेलं पिल्लू हेमलाने ओढणीत गुंडाळून एसटीने घरी आणलं होतं. राखेच्या रंगाची, अंगाने बारीक, पण आवाज मोठा.

हेमलाचा दर रविवारी व्हिडिओ कॉल यायचा. एका रविवारी मी तिथंच बसले होते. जेवलीस का, थंडी किती, असं विचारून झालं आणि हिरीबाईने फोन भुरीसमोर धरला. पलीकडे हेमलाने स्क्रीनवरच भुरीच्या कपाळावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "याडी, इथं दवाखान्यात दिवसभर जर्मन बोलतो मी. खोलीवर आली का तोंडातून शब्द निघत नाही. बोलू कोणासंगं?"

आईला ती याडीच म्हणते. फोन ठेवल्यावर हिरीबाई चुलीपुढे बसली. भाकरी थापता थापता मला म्हणाली, "मॅडम, ते मले तिकडं बोलावून राह्यली. किती दिवस राहू देतात?"

"नव्वद दिवस."

"मंग तं मी वापस येईन. पोरगी पुन्हा एकटीच." तिने भाकरी तव्यावर टाकली. "भुरीले नेता येते का?"

मला माहीत नव्हतं. हेमलाने तिकडे चौकशी केली. नेता येत होतं. लहान मांजर पिशवीत घालून विमानात आपल्या पायाशी ठेवता येतं, फक्त पिशवीसकट वजन आठ किलोच्या वर नको. पण त्याआधी कागद फार होते. मानेत कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवायची, त्यानंतर पिसाळण्यावरची लस द्यायची, महिन्याने रक्त काढून परदेशातल्या प्रयोगशाळेत पाठवायचं, आणि रक्त पास झालं तरी ते काढल्यापासून तीन महिने थांबायचं.

तांड्यावर लोक हसले. हिरीबाईचा पुतण्या राजपाल तर म्हणाला, "काकू, मांजर तिकडं भेटत नाही का?"

"कारखान्यावर जायचो तवा ट्रॅक्टरात कोंबड्या राहे, बकरी राहे, कुत्रं राहे," हिरीबाई म्हणाली. "तवा कोणी हसलं नाही. आता काहून हसता?"

दिवाळीनंतर आम्ही भुरीला अकोल्याला नेलं. चिप बसली, लस झाली. डिसेंबरात रक्त काढलं. डॉक्टरांना ओरखडे पडले, हिरीबाईला त्याहून जास्त. जानेवारीत निकाल आला, भुरी नापास. रक्तात लसीचा असर पाहिजे तेवढा उतरला नव्हता. पुन्हा लस, पुन्हा महिना, पुन्हा रक्त, आणि मग तीन महिने. मार्चअखेरचं तिकीट रद्द करावं लागलं.

त्या दिवशी मला वाटलं, आता ही सोडून देईल. हेमलानेही फोनवर तेच सांगितलं, "राहू दे याडी, तू एकटी ये."

"तू पयल्यांदा जर्मनच्या परीक्षेत नापास झालती," हिरीबाई म्हणाली. "मी तुले सोडून दे म्हणलं होतं का?"

दुसऱ्या वेळी रक्त पास झालं.

थांबायच्या त्या तीन महिन्यांत ती तालुक्याच्या गावी, मालेगावला, उस्मानभाईंकडे गेली. उस्मानभाई ताडपत्रीचं शिवणकाम करतात, ट्रॅक्टरची छपरं, फवारणी पंपाच्या पिशव्या. मी कागदावर मापं लिहून दिली होती, पंचावन्न, चाळीस, तेवीस सेंटिमीटर. बाजारात तयार पिशव्या मिळतात हे मी सांगितलं, पण हिरीबाईला शिवण हाताने तपासून पाहायची होती. उस्मानभाईंनी खाली पाणी न गळणारं कापड लावलं, तिन्ही बाजूंनी जाळी, वर चेन. त्यांनी स्वतःची मूठ आत घालून जाळी ताणून पाहिली.

"बाई, इसमें से शेर भी नहीं निकलेगा," ते म्हणाले.

ती पिशवी हिरीबाईने घरात कोपऱ्यात उघडी ठेवली. आत तिचं जुनं लुगडं अंथरलं. आठवडाभर भुरी नुसती वास घेऊन जायची. मग आत झोपायला लागली. मग हिरीबाई चेन लावून तिला एसटीने मालेगावला नेऊन परत आणू लागली, असं पाच-सहा वेळा. पहिल्या खेपेला भुरी स्टँड येईपर्यंत ओरडली. शेवटच्या खेपेला शेजारच्या बाईला कळलंही नाही की पिशवीत मांजर आहे.

मे महिन्याच्या शेवटी राजपालने दोघींना मुंबईला नेलं. तिथल्या जनावरांच्या सरकारी कार्यालयात डॉक्टरांनी भुरीला तपासलं, चिपचा नंबर जुळवला, शिक्का मारला. राजपाल विमानतळाच्या दारापर्यंत आला. पुढे हिरीबाई एकटी. कागदांची फाईल तिने पोटाशी धरली होती. कोणता कागद कुठे दाखवायचा हे कळावं म्हणून मी प्रत्येकावर वेगळ्या रंगाची चिठ्ठी लावून दिली होती.

काउंटरवर वजन झालं, सहा किलोच्या थोडं वर. सगळं ठीक चाललं होतं. अडचण आली ती तपासणीच्या ठिकाणी. पिशवी यंत्रातून जाणार, मांजर नाही. ते हातात घेऊन चौकटीतून चालत यायचं, असं तिथल्या वर्दीतल्या मुलीने सांगितलं. हिरीबाईने चेन उघडली, भुरीला छातीशी घेतलं आणि चौकटीत पाय टाकला. चौकट वाजली.

तिच्या पायांत चांदीची कडी होती. लग्नात घातलेली, आता न निघणारी. वर्दीतली मुलगी म्हणाली, आत पडद्यामागे तपासावं लागेल, दोन्ही हात मोकळे पाहिजेत. आणि भुरी तर हातात. मागे माणसांची रांग, ट्रे आदळल्याचे आवाज. भुरीची नखं ब्लाउजमधून खांद्यात रुतली होती.

"हे कोणाजवळ देऊ?" हिरीबाईने विचारलं. "सुटली तं मले सापडायची नाही."

वर्दीतल्या मुलीने दुसरीला हाक मारली. दुसरी वयाने मोठी होती. तिने हात पुढे केले, मग थांबून विचारलं, "चावते का?"

"चावत नाही. मान अशी धरा, अन् मागचे पाय खालून."

तिने तसंच धरलं. पडद्यामागे तपासणी होईपर्यंत हिरीबाईचे कान बाहेर होते. ती बाहेर आली तेव्हा भुरी त्या बाईच्या काखेत तोंड खुपसून बसली होती आणि ती बाई हळू आवाजात तिच्याशी काहीतरी बोलत होती. भुरीला परत देताना ती म्हणाली, "माझ्याकडं दोन आहेत. गावाला, आईकडं."

विमान वर चढलं तेव्हा भुरी एकदाच मोठ्याने ओरडली. पिशवी पुढच्या सीटखाली होती आणि बाहेर काढायची मनाई होती. हिरीबाईने वाकून जाळीला तळहात लावला आणि कंबर दुखली तरी तसाच ठेवला. हळूहळू जाळीपलीकडून एक नाक येऊन त्या हाताला टेकलं. पूर्ण प्रवासात तिने खिडकीबाहेर पाहिलं नाही. ती परतल्यावर मी ढग कसे दिसतात हे विचारलं तेव्हा ती म्हणाली, "ते वापस येतांनी पाह्यले."

फ्रँकफर्टला एका अधिकाऱ्याने मानेवर यंत्र फिरवलं, नंबर वाचला, कागद पाहिले आणि दोन बोटांनी पुढे जायची खूण केली. दाराबाहेर हेमला होती. ती आईच्या गळ्यात पडली आणि मग खाली बसून जाळीला तोंड लावून म्हणाली, "भुरे, वळखलं का मले?"

भुरीने ओळखलं नाही. खोलीवर गेल्यावर ती पलंगाखाली शिरली आणि दोन दिवस बाहेर आली नाही. हेमला रडायच्या बेतात होती. हिरीबाई म्हणाली, "तिले टाइम दे. तुले किती लागला?" तिसऱ्या दिवशी हेमला ड्युटीवरून आली, बूट काढले, आणि भुरी येऊन त्या बुटांवर बसली.

नव्वद दिवसांत हिरीबाईने तिथल्या पिठाची भाकरी जमवली. खालच्या मजल्यावर ब्रिगिटे नावाची म्हातारी राहते. जिन्यात मांजराचा आवाज ऐकून ती वर आली आणि मग रोजच येऊ लागली. तिला मराठी नाही, हिला जर्मन नाही. दोघी भुरीला मध्ये घेऊन बसायच्या. आता हेमलाची जास्त तासांची ड्युटी असली की ब्रिगिटेच भुरीला पाहते आणि हेमला आली की तिला जेवायला थांबवून घेते.

ऑगस्टच्या अखेरीला हिरीबाई परतली. निघताना भुरीला शेवटचं उचलून घेतलं का, असं मी विचारलं. नाही म्हणाली. भुरी हेमलाच्या मांडीवर झोपली होती, उठवायचं तिला जिवावर आलं.

मागच्या सोमवारी ती शाळेत आली होती. हेमला पुढच्या वर्षी पुन्हा बोलावते आहे. हिरीबाईने वही पुढे केली आणि पंधरा जर्मन शब्द हेमलाला विचारून देवनागरीत लिहून मागितले. ब्रिगिटेला विचारण्यासारखं तिच्याजवळ पुष्कळ काही साचलं आहे.