बायजाआत्यांचं राहतं घर

बायजाआत्यांनी मला पहिल्याच दिवशी हात धरून मागे ओढलं होतं. पंपघरावरची माझी पहिली पाळी संपली होती. मी किल्ल्या जोडीदाराच्या हाती दिल्या, सायकल घेतली आणि 'बरंय, जातो मी' म्हणून निघालो. तेवढ्यात पायरीवर बसलेली एक म्हातारी उठली आणि तिनं माझं मनगट धरलं. तिचा हात थंडगार होता.

"काय म्हनलास भाऊ? जातो?"

"हो. पाळी संपली."

"माघारी फीर. आत जा. बस, पानी पी, आन् मग येतो म्हनून नीघ."

मी रत्नागिरीकडचा माणूस. निघताना येतो म्हणावं, जातो म्हणू नये, हे आमच्याकडेही लहानपणापासून कानावर पडलेलं. पण ते आईनं सांगायचं असतं, ओळख ना पाळख अशा बाईनं रस्त्यात अडवून नव्हे. मला रागच आला. जोडीदार मात्र हसून म्हणाला, "ऐक बाबा, नाहीतर ती सायकलच्या चाकाखाली झोपेल." मी आत गेलो, बसलो, पाणी प्यायलो आणि 'येतो' म्हणून बाहेर पडलो. आत्यांनी 'या' म्हटलं आणि पुन्हा पायरीवर बसल्या. पुढे इतकी वर्षं त्या नोकरीत काढली, पण त्यांच्यासमोर 'जातो' म्हणायची माझी छाती झाली नाही.

रावेतच्या अलीकडे पवनेच्या काठावर आमचं पंपघर होतं. नदीचं पाणी उपसून शहराकडे आणि पिंपरीच्या माळावर नव्यानं उभ्या राहणाऱ्या कारखान्यांकडे ढकलायचं, हे पाणी मंडळाचं काम. पंपघर जिथे बांधलं तिथे पूर्वी एकच घर होतं, बायजाआत्यांचं. त्यांचे यजमान नावाडी होते, माणसं या काठावरून त्या काठावर नेत. एका सकाळी कालवणात मीठ जास्त पडलं, त्यावरून दोघांची तोंडातोंडी झाली. यजमान ताटावरून उठले, 'जातो' म्हणाले आणि नाव पाण्यात लोटून निघून गेले. त्या दिवशी नदीला वरून लोंढा आला. नाव खाली चिंचवडच्या घाटाला सापडली, माणूस सापडला नाही.

आत्यांनी कुंकू पुसलं नाही. त्यांचं म्हणणं सरळ होतं. माणूस 'जातो' म्हणून गेला म्हणजे वाट चुकला, त्याला हाक मारून माघारी आणावं लागतं. म्हणून त्या रोज दिवेलागणीला घराच्या दारात उभ्या राहून नदीकडे तोंड करून हाक मारत, "जेवाया चला." मंडळानं जागा घेतली, घर पाडलं, आत्या भाच्याकडे राहायला गेल्या, पण हाक थांबली नाही. दार आता पंपघराचं होतं, एवढाच काय तो फरक. सकाळी येऊन त्या आमच्या उंबऱ्यावर रांगोळीची दोन बोटं ओढत आणि कुंकू वाहत. आमच्या साहेबांनी दोनदा दटावून पाहिलं. आत्या ऐकून घेत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रांगोळी काढत.

खरं सांगायचं तर मला त्या हाकेची भीती वाटायची. मोटारीची घरघर चालू असली की बाजूच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नसे, पण आत्यांची हाक ऐकू यायची. आणि दुसरी एक गोष्ट होती. पंपघरात उजवीकडच्या कोपऱ्यात जमीन कायम उबदार असे. मोटारीजवळची जमीन गरम असती तर नवल नव्हतं. पण मोटार डावीकडे होती, आणि वीज गेल्यावर सगळं यंत्र गार पडलं तरी त्या कोपऱ्यात गावातली मांजरं येऊन वेटोळं करून झोपत. एकदा मी आत्यांना सहज विचारलं, तर म्हणाल्या, "थितं माजी चूल व्हती." आणि मला तंबाखू मागितली.

अशात ग्रामपंचायतीनं पंपघराला घरपट्टी लावली. मंडळानं ती भरायला नकार दिला आणि प्रकरण पुण्याच्या कोर्टात गेलं. मंडळाचं म्हणणं, घरपट्टी ही घराला. घर म्हणजे जिथे माणूस राहतो ते. इथे पंप आहे, माणूस कुठे राहतो? ही इमारत म्हणजे यंत्राला घातलेली टोपी आहे. सरपंच म्हणायचे, "तुमीच त्याला पंपघर म्हनता आन् तुमीच घर न्हाई म्हनता, ह्ये काय गौडबंगाल हाय राव?" आम्ही पंपावरची माणसं या भांडणाची मजा घेत होतो. पट्टी कोणीही भरली तरी आमच्या पगारातून जाणार नव्हती.

मजा वाटत नव्हती ती फक्त आत्यांना. एका संध्याकाळी त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं आणि विचारलं, "भाऊ, तुमचं मंडळ जितलं तर कोर्ट काय लिवंल?"

"लिहील, की हे घर नाही. इथे कोणी राहत नाही."

आत्यांनी पायरीवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "भिताडं पाडली, मी म्हनलं पाडू द्या. भिताडानं काय व्हतंय? पर घरच न्हाई असं सरकारच्या कागदावर लिवलं, तर मानसानं माघारी यायचं कुठं? त्येला वाट सापडंल, पर दार सापडायला नको?" मी मंडळाचा पगारी नोकर, पण त्या क्षणी मंडळानं हरावं असं मला मनापासून वाटलं.

त्या जागेवर पूर्वी घर होतं आणि त्याची घरपट्टी भरली जात होती, हे सांगायला पंचायतीनं आत्यांनाच साक्षीला उभं केलं. मंडळाच्या बाजूनं मलाही बोलावणं होतं, त्यामुळे दोन्हीकडचे साक्षीदार एकाच एस.टी.त शेजारी शेजारी बसून कोर्टात गेलो. पिंजऱ्यात आत्या ताठ उभ्या राहिल्या. यजमानांचं नाव विचारल्यावर त्यांनी पदर तोंडाला लावला. पुन्हा विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "आमच्या येशीवर शेंदूर लावल्याला द्येव हाय न्हवं, त्येचंच." कारकुनानं 'मारुती' लिहून घेतलं.

मग मंडळाचे वकील उठले. हुशार माणूस, बोलायला गोड. म्हणाले, "बाई, नुसतं पंपघर म्हटल्यानं घर होत नाही. आपण देवघरही म्हणतो. तिथे कोण राहतं?"

"द्येव राहतो की," आत्या म्हणाल्या.

कोर्टात हशा पिकला. वकीलही हसले, पण जरा चिडून त्यांनी विचारलं, "मग या पंपघरात कोण राहतं?"

"आमचं मालक."

या वेळी कोणी हसलं नाही. न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले की जागा पाहिल्याशिवाय मी काही ठरवणार नाही.

पाहणीला सगळे आले ते टळटळीत दुपारी. वाऱ्याचं नाव नव्हतं, नदीचं पाणी हलत नव्हतं. साहेबांच्या सांगण्यावरून मी मोटार बंद केली, म्हणजे बोलणं ऐकू येईल. ती घरघर थांबल्यावर जी शांतता झाली, तशी शांतता मी तिथे कधी अनुभवली नव्हती. आत्या लांब उंबराच्या झाडाखाली उभ्या होत्या, शेजारी सरपंच. न्यायाधीश दाराशी आले, उंबऱ्यावरची रांगोळी पाहून क्षणभर थांबले आणि त्यांनी पायांतले बूट काढून बाजूला ठेवले. ते आपण काढतोय हे त्यांच्या ध्यानातही आलं नसावं. वकिलांच्या मात्र आलं. त्यांचा चेहरा पडला, कारण कारखान्यात शिरताना कोणी बूट काढत नाही.

आत पाहण्यासारखं काय असणार? पंप, मोटार, चार भिंती, भिंतीवर माझा डबा टांगलेला. न्यायाधीश अनवाणी पायांनी फिरत उजवीकडच्या कोपऱ्यात गेले आणि तिथे थबकले. त्यांनी खाली पायाकडे पाहिलं. मग आम्ही सगळे बाहेर आलो, मी शेवटी. आत कोणी उरलं नाही हे मी पाहिलं होतं, ते माझं कामच होतं. न्यायाधीशांनी बूट चढवले आणि कोणाच्याही घरून निघताना आपण म्हणतो तसे, उघड्या दाराकडे तोंड करून ते म्हणाले, "बरं, येतो."

आतून आवाज आला, "या."

पुरुषाचा आवाज होता. मोठा नव्हता, जेवण झालेल्या माणसाचा असावा तसा सावकाश होता. न्यायाधीश माझ्याकडे पाहत राहिले, मी वकिलांकडे. वकिलांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "रिकामी खोली आहे, प्रतिध्वनी उमटतो." 'येतो'चा प्रतिध्वनी 'तो' असा येईल. 'या' असा कसा येईल, हे मला आजपर्यंत कोणी समजावून सांगितलेलं नाही. उंबराखाली आत्यांनी डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढून घेतला होता. दचकल्या नव्हत्या त्या एकट्याच.

निकाल पंचायतीच्या बाजूनं लागला. निकालपत्रात भिंती, छप्पर, दार, कायद्याची कलमं असं सगळं रीतसर होतं, आवाजाचा कुठे उल्लेख नव्हता. फक्त शेवटाकडे एक वाक्य होतं: सदर इमारत राहती आहे. कोण राहतं, ते लिहिलेलं नव्हतं. मंडळाचे साहेब संतापले, अपील करू म्हणाले. पण वकिलांनीच त्यांना, सोडून द्या, असं सांगितलं. वकील पुन्हा कधी पंपघराकडे फिरकले नाहीत.

पंचायतीच्या माणसानं येऊन दारावर डांबरानं घरनंबर रंगवला. मी तो आत्यांना वाचून दाखवला. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं, बोटाला डांबर लागलं, ते त्यांनी पुसलं नाही. त्या दिवसापासून त्यांनी हाक मारणं बंद केलं. रोज यायच्या, पायरीवर बसायच्या, पण गप्प. मला चैन पडेना. इतकी वर्षं ज्या हाकेला भ्यालो, ती नाही म्हणून दिवेलागणीला जीव कासावीस व्हायला लागला. शेवटी विचारलंच.

"आत्या, हाक का नाही मारत?"

"सारकी हाका मारून मानूस वैतागतं भाऊ. त्येंनी ओ दिली, आता पत्ता बी हाय. येतील त्येंच्या सवडीनं."

त्या पावसाळ्याच्या अखेरीला बायजाआत्या गेल्या. भाच्याच्या घरी, झोपेत, सकाळी उठवायला गेले तेव्हा कळलं. गावानं त्यांना सवाष्णीच्या मानानं पोचवलं, हिरवं लुगडं, मळवट भरून. कोणी एका शब्दानं हरकत घेतली नाही. मी रडलो, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

पण मला आठवते ती त्या गेल्या त्याच्या आदल्या संध्याकाळी पाहिलेली आत्या. वीज गेली होती, पंप बंद होते, साहेबांनी घरी जायला सांगितलं होतं. मी दाराला कुलूप लावलं. आत्या पायरीवर नदीकडे तोंड करून बसल्या होत्या. मी नेहमीसारखा म्हणालो, "येतो, आत्या." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या घाईघाईनं उठल्या, लुगडं सारखं केलं, नव्या नवरीसारखा पदर कपाळावर ओढला आणि नदीवरून येणाऱ्या वाटेकडे पाहत म्हणाल्या, "या."

वाटेवर कोणी नव्हतं. निदान मला दिसलं नाही. मी बंद दारासमोर मधोमध उभा होतो. काय करतोय ते न कळता मी खिशातून किल्ली काढली, लावलेलं कुलूप उघडलं आणि दारातून बाजूला सरलो.