पाटाएवढी माती

परळला हॉस्पिटलसमोर बसची वाट बघताना ती मला रोज सकाळी दिसायची. हातात स्टीलचा डबा. आत शिरण्याआधी फुटपाथवरच्या बकुळीपाशी चपला काढायची आणि बुंध्याभोवतीच्या पाटाएवढ्या मातीवर अनवाणी उभी राहायची, डोळे मिटून.

एकदा न राहवून मी विचारलं, "मावशी, नवस आहे का?"

"नाय गो," ती मालवणीत म्हणाली. "आमचे हे आत आसत. तेंच्यासमोर हसऱ्या तोंडान जावक होया. ह्या मातयेर पाय ठेवलंय की गावचां आंगण आठावतां. तां हसू हयसून नेतंय."

गेला महिनाभर ती दिसत नाही. काल मी बस सोडली, सँडल काढले आणि तिच्या जागेवर उभी राहिले. माती गार होती. आता दोघंही गावी, आपल्या अंगणात असतील, असं स्वतःला बजावत बराच वेळ तिथून हललेच नाही.