साडूच्या गाडीचा काटा

माझ्या साडूने मला फसवलं. गाडी त्याची होती, घेतली मी, आणि फसलो मी. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढचं वाचताना कुणाचाही गोंधळ होईल. माझा तर अजून संपलेला नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. तो डिंडोलीला राहतो, मी बमरोलीला. दोघंही धुळ्याकडचे, दोघंही मिसरूड फुटायच्या आत लूम चालवायला सुरतेत आलो. त्याने नोकरी धरून ठेवली, आज एका मोठ्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, लूम सांभाळणारा मास्तर आहे. मी भांडत, घासाघीस करत, दुसऱ्यांनी भंगारात काढलेले लूम उचलून स्वतःचं खातं उभं केलं. सूत घेताना मला आजवर कुणी गंडवलेलं नाही. मशीन घेताना नाही. आणि मोटारसायकल घेताना घरच्याच माणसाने गंडवलं.

गाडी जुनी होती, केबलवर चालणाऱ्या मीटरची. मला तसलंच मीटर हवं होतं. नव्या गाड्यांचे चमकणारे आकडे कुठून येतात ते दिसत नाही. लूमवरही मीटर असतं, कापड किती विणलं ते सांगतं, आणि कारीगराची मजुरी त्यावर ठरते. दात दातात अडकतो, आकडा सरकतो, त्यात कुणाची दादागिरी चालत नाही. माझा आयुष्यभराचा धंदा त्या विश्वासावर उभा आहे.

साडू म्हणाला, “गाडी फार पळालेली नाही, साडूभाऊ. घर ते खातं, खातं ते घर. मीटरच बघा ना.”

मी किलोमीटरचा आकडा बघितला. टायर बघितले, साखळी बघितली, आणि किमतीवर अडून बसलो. मेहुणीने दुसऱ्यांदा चहा आणला तेव्हा साडू हसून म्हणाला, “तुमच्यापुढे कोण टिकणार? घेऊन जा.” मध्ये कधीतरी तो केबलबद्दल, मीटरबद्दल आणखी काही बोलत होता, पण मी तेव्हा आरशाची काच तडकलेली दाखवून आणखी थोडं तोडत होतो.

इतक्या सहज ‘घेऊन जा’ म्हणणारा माणूस मला पूर्वी भेटलेला नाही. तिथेच मी उठायला हवं होतं.

थोड्याच दिवसांत मीटर चीं चीं करू लागलं. लूमवर काही ओरडलं की आमच्यातला कुणीही पहिल्यांदा ग्रीसचा डबा शोधतो. मीही केबल खालून सोडली, जरा ग्रीस लावलं, आवाज बंद झाला. आणि मग काट्याला वेड लागलं. सकाळी गल्लीतून हळू निघालो तरी काटा साठावर. दुपारी त्याच गल्लीत, त्याच चालीने, चाळिसावर. गाडी थांबवली, इंजिन बंद केलं, तरी काटा वरच. मग हळूहळू खाली यायचा, शिफ्ट संपल्यावर घरी जायचं मन नसलेल्या माणसासारखा.

मी खात्यामागच्या मोकळ्या जागेत गाडी स्टँडवर लावली, इंजिनाखाली विटा देऊन पुढचं चाक उचललं. मीटरखालची केबल सोडली, चाक हाताने फिरवलं. केबलमधली तार फिरत होती, म्हणजे चाकातला गिअर ठीक. तार बाहेर ओढली, फरशीवर लोळवून पाहिली. कुठे वाकलेली नाही, चौकोनी टोक झिजलेलं नाही. केबलही ठीक. मग ड्रिलच्या तोंडात जुन्या तारेचा एक तुकडा धरून मीटरला खालून हलक्या वेगाने फिरवलं. आकडे शिस्तीत सरकले. काटा उडी मारून ऐंशीवर गेला. ड्रिल बंद केलं, तरी तिथेच.

प्रत्येक वस्तू वेगळी तपासली की निर्दोष, आणि एकत्र आल्या की खोट्या. मला हे लूमवर कधी दिसलेलं नाही.

डोक्यात एकच विचार बसला. काटा खोटा तर आकडाही खोटा. साडूने आकडा मागे फिरवला, त्या फिरवाफिरवीत मीटर बिघडलं, आणि बिघडलेलं मीटर माझ्या गळ्यात मारलं.

त्याच सुमारास त्याच्या मुलीचा साखरपुडा झाला. जेवणं चालू होती, दोन्हीकडचे पाहुणे होते. साडू वाढायला आला आणि चेष्टेत म्हणाला, “काय साडूभाऊ, पळते ना माझी गाडी?” मी पानावरून मान वर न करता म्हणालो, “पळते. तुम्ही मीटर मागे फिरवलंत, तरी पळते.”

व्याह्यांनी ऐकलं. साडूने जिलबीचं ताट खाली ठेवलं. “सिद्ध करा,” तो म्हणाला. “नाही केलंत, तर लग्नाला माझ्या मांडवात यायचं नाही.”

“आणि केलं तर?”

“तर मी चारचौघांत तुमचे पाय धरीन.”

तेव्हापासून प्रश्न गाडीचा राहिला नाही. त्या मुलीला मी अंगाखांद्यावर खेळवलंय. तिच्या हळदीला बायको जाणार, मी जाणार की नाही, हे त्या काट्यावर येऊन थांबलं.

बायको सहसा माझ्याशी साधं मराठी बोलते, रागावली की अहिराणीवर येते. एका सकाळी मी गाडीसमोर उकिडवा बसलो होतो, तर ओट्यावरून म्हणाली, “मीटरनी पूजा करी राह्यनात का?”

मी तिला मागे बसवलं. तिच्या फोनमध्ये गाडीचा वेग दिसतो. ती फोन बघून आकडा सांगणार, मी काटा बघणार.

“तीस,” ती म्हणाली.

काटा पंचावन्नवर. “नीट बघ.”

“नीटच बघतेय. तीस. आता बत्तीस. पुढे बघा, म्हैस आहे.”

“काटा साठ म्हणतोय.”

“मग त्यालाच बसवा मागे, मी उतरते.”

परत आलो तेव्हा फोनवर आणि मीटरवर किती अंतर झालं ते ताडून पाहिलं. दोन्ही सारखं. म्हणजे आकडे खरे आणि काटा खोटा. एकाच डबीत, एकाच तारेवर. मी ओट्यावर बसून पुन्हा पुन्हा विचार केला. समजा आकडेही काट्यासारखे जास्त दाखवत असते, तर गाडी प्रत्यक्षात कमी पळालेली निघाली असती. म्हणजे साडूने मला नकळत फायदा करून दिला असता. मग मी भांडलो कशावरून असतो? आणि ते खरे असतील, तर आज खरे आहेत. मागे कधी फिरवलेच नाहीत, हे आजचं खरेपण कसं सांगणार? जितका विचार करावा तितका मी साडूच्या बाजूला सरकायचो, आणि जितका सरकायचो तितका राग यायचा.

शेवटी कतारगामला मीटर दुरुस्त करणारा एकजण आहे, त्याच्याकडे गेलो. टपरीएवढं दुकान, पण गिऱ्हाईकांची गर्दी. त्याने माझं सगळं ऐकलं आणि केबल न बघताच म्हणाला, “काका, ग्रीस कोणे भर्यु?” ग्रीस कुणी भरलं?

मी म्हणालो, आधी मीटर उघड.

त्याने कडेची पट्टी हळूच उचकटली, काच काढली. आत बघितलं आणि मला माझ्या आयुष्याचीच शंका आली. आकडे दात्यांवर फिरतात, ते बरोबर. पण काटा कशालाच जोडलेला नाही. तारेवर एक चुंबक फिरतो, त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते, मध्ये फट. चुंबक वाटीला न शिवता ओढतो, एक बारीक स्प्रिंग तिला परत खेचते, आणि त्या ओढाताणीत काटा जिथे थांबेल तो आपला वेग. इतकी वर्षं सगळी दुनिया त्याच्याकडे बघून ब्रेक मारतेय.

त्या फटीत काळपट हिरवं ग्रीस भरलं होतं. तारेवरून चढत चढत वर आलेलं. चुंबक फिरला की वाटीला चिकटून ओढतं, थांबला की सोडत नाही. थंडीत घट्ट, उन्हात पातळ, म्हणून सकाळी वेगळं आणि दुपारी वेगळं.

“आणि आकडे?” मी विचारलं. “मागे फिरवलेत का?”

त्याने आकड्यांची चाकं भिंगातून बघितली. “पट्टी पहिल्यांदा मी उघडली. कोणी हात लावला नाही.” मग बोटावर ग्रीस घेऊन म्हणाला, “आ तो लूमनुं ग्रीस छे. तमारुं के बीजानुं?”

माझं की दुसऱ्याचं? साडूच्या खात्यात तेच ग्रीस, माझ्या खात्यात तेच. सुरतेत निम्म्या खात्यांत तेच. मी लावलं ते बोटभर. हे तर वाटीभर होतं. की बोटभराचंच इतकं होतं? त्याला विचारलं तर तो खांदे उडवून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. “साफ करी दऊं?”

“नको,” मी म्हणालो. “आहे तसं बंद कर.”

त्याला मी वेडा वाटलो. पण पुरावा कुणी धुऊन टाकतं का?

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, “आकडे फिरवले नाहीत ना? मग संपलं.”

“काटा?”

“काट्याचं त्यांनी तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं. केबलमध्ये आताच ग्रीस भरलंय, तुम्ही परत भरू नका, असं म्हणाले. मी तिथेच होते. तुम्ही आरशाचं घेऊन बसला होतात.”

मला आठवत नाही. तो बोलत होता एवढं आठवतं, शब्द आठवत नाहीत. बायको तिच्या बहिणीच्या बाजूने बोलते की खरं बोलते, हेही मला ओळखता येईना. मी विचारलं, तर तवा खाली ठेवून म्हणाली, “मनी बहीण शे ती. मी जासू. तुम्ही तुमचं बघा.”

मी माझं बघितलं आहे. आकड्यांचा आरोप मी मागे घेतो, हळदीच्या मांडवात, व्याह्यांसमोर, जितक्या मोठ्याने केला तितक्याच मोठ्याने. पण काट्याचा घेत नाही. त्या दिवशी मी त्याच गाडीवर जाईन, सकाळच्या गारव्यात, म्हणजे मांडवाच्या दारात इंजिन बंद केल्यावरही काटा वरच राहील. साडूभाऊ, तुमच्याकडे तो खाली येईपर्यंतचा वेळ आहे. मीटरच्या काचेवर हात ठेवा आणि दोघी बहिणींसमोर सांगा. हे ग्रीस तुमचं की माझं? आणि तुमचं असेल, तर मी ऐकत नाही हे दिसत असताना ‘परत ग्रीस भरू नका’ हे एकदाच सांगून का थांबलात? गाडीचा सौदा मोडला तरी चालेल, पण सांगा.

उत्तर ऐकल्याशिवाय मी हळद लावून घेणार नाही.