नागवेल आणि माझे चार दिवस

पिंप्राळ्यातल्या आमच्या घरामागे कडुनिंबाची दाट सावली. तिथे गुलाब आला नाही, मोगरा रुसला; रमली ती नागवेल. शेवग्याच्या खोडावर मी तिला चढवली आणि बुंध्याशी अळू नि हळद लावली. त्यांच्या पानांखाली माती गार राहायची, म्हणून वेल वर निर्धास्त चढायची. असा शेजार मला घरात मिळाला असता तर मीही चढले असते.

मग सासरे, म्हणजे आबा, शिंदखेड्याहून आमच्याकडे राहायला आले आणि बागेला कायदा आला. पाळीत बाईने नागवेलीजवळ जायचं नाही, तिची सावली पडली तरी वेल जळते. मी शाळेत विज्ञान शिकवते, पण वाद घातला नाही. त्या चार दिवसांत पाणी आबा घालणार होते. एवढी सुखाची रजा मला शाळेनेही कधी दिली नव्हती.

पुढे पाळी गेली. रजा मात्र मी सोडली नाही. दर महिन्याला गंभीर चेहरा करून सांगायचे, आबा, बागेचं तुम्ही बघा.

मे महिन्यात अशाच एका रजेत आबांनी भर दुपारी नळी लावली. पाणी गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं. जळगावात त्या वेळी त्यात चहापत्ती टाकायचीच बाकी असते. अळूने आधी मान टाकली, मग हळदीने, आणि तिसऱ्या दिवशी वेल काळी पडली. मला खरंच रडू आलं.

संध्याकाळी ओट्यावर शेजारीपाजारी बसले होते. आबा सर्वांदेखत म्हणाले, "कोनीतरी इटायमा येलले हात लावा."

म्हणजे कुणीतरी विटाळात वेलीला हात लावला, आणि तसा लावायला घरात दुसरी बाई नव्हतीच. सगळे माझ्याकडे बघायला लागले. नवरा स्वतःच्या चपलेचा अंगठा तपासू लागला, त्याचा मला जास्त राग आला.

"आबा," मी म्हटलं, "माझी पाळी बंद होऊन दोन वर्षं झाली."

शेजारीण पदरात हसली. आबांनी बोटांवर महिने मोजले. मग हळूच म्हणाले, "मंग दर महिनाले मी कसाले पानी टाकं?"

मी उठून नळी गुंडाळून ठेवली. वेल आबांच्या पाण्याने मेली, आणि ती नळी मी माझ्या खोट्या रजेने त्यांच्या हातात दिली होती. शेवग्याशी आता नवी कांडी लावली आहे. महिन्याचे तीसही दिवस सकाळी पाणी मीच घालते.