कुठला राजा?

साहेबांनी टाक खाली ठेवला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "विच किंग?"

मी आरोपीकडे वळलो. "यल्लाप्पा, साहेब विचारतात, कुठला राजा?"

यल्लाप्पाने आधी वकिलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पिंजऱ्याचा कठडा त्याने दोन्ही हातांनी धरला होता. धारवाडजवळच्या अळणावरला लाकडाच्या अड्ड्यावर हा म्हातारा बैलगाडी हाकायचा. एवढी माणसं गप्प बसून आपलं ऐकतायत, हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत असावं.

मी तेव्हा धारवाडच्या कोर्टात इंटरप्रिटर होतो. इंटरप्रिटर म्हणजे दुभाषा. आमच्याकडे मराठी, कानडी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषा चालत, म्हणून शिरस्तेदार मला चेष्टेने 'तिभाषा' म्हणायचे. काम साधं. साक्षीदार बोलेल ते इंग्रजीत साहेबांना सांगायचं, साहेब विचारतील ते त्याच्या भाषेत त्याला. पदरचं घालायचं नाही, त्यातलं गाळायचं नाही, अशी शपथ असे.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई ऐन भरात होती. अळणावरच्या बाजारात भरतीची लॉरी आली. जमादाराने भाषण केलं, घरटी एक पोरगा द्या म्हणाला. यल्लाप्पाचा थोरला, भरमू, आधीच पलटणीत गेला होता. गर्दीत मागे उभा राहून यल्लाप्पा म्हणाला, "त्या एका राजाला मारलं की झालं की वो. एवढी पोरं कशाला मारायला नेताय?" रांगेतली दोन पोरं हळूच सटकली. जमादाराने ते पाहिलं.

यल्लाप्पा बोलला मराठीत. हवालदाराने लिहून घेतलं कानडीत. कागद टाइप झाला इंग्रजीत. तिसऱ्या भाषेत पोचेपर्यंत वाक्य एवढंच उरलं, राजाला ठार मारलं पाहिजे. इंग्रजीत नुसतं 'किंग' म्हटलं की तो लंडनचाच. खटला डिफेन्स ऑफ इंडिया रूल्सखाली भरला गेला. लढाईच्या काळात सरकारी कामाला अपाय होईल असं बोललं, तर त्या कायद्याने आत टाकता येई.

मॅजिस्ट्रेट म्हणून समोर प्रांतसाहेब होते, तरुण इंग्रज. मराठीची खात्याची परीक्षा पास झालेले, पण गावाकडचं बोलणं त्यांना कळत नसे. आरोपीचं वकीलपत्र हणमंतरावांनी फी न घेता घेतलं होतं. व्हरांड्यात ते मला म्हणाले, "अण्णा, काळजी नाही. त्याला पढवून ठेवलाय. जर्मनीचा राजा म्हणेल. शत्रूचं मरण मागणं हा गुन्हा कसा होईल? उलट राजनिष्ठाच झाली."

कोर्टात त्यांनी हाच मुद्दा लावून धरला. "एक माणूस मेला तर लाखो वाचतात. माझा अशील तेवढंच म्हणाला. ह्यात वाईट काय?"

साहेब म्हणाले, "एक मेला की त्याच्या गादीवर दुसरा बसतो. आणि त्याचे लोक दुप्पट चिडून लढतात."

"तोफेने हजारो मारले तर ती लढाई, आणि गोळीने एक मारला तर तो खून, असंच ना साहेब?"

"वकीलसाहेब, कुणाला मारायचं हे ठरवणार कोण? मी आज लिहिलं की लढाई टाळण्यासाठी राज्यकर्त्याचा जीव घेणं रास्त आहे, तर उद्या कुणीतरी कलेक्टरच्या बंगल्यावर पिस्तूल घेऊन येईल आणि माझा निवाडा दाखवेल."

हणमंतराव म्हणाले, "म्हणूनच म्हणतो, आरोपीलाच विचारा. तो परक्या शत्रूबद्दल बोलत होता."

आणि साहेबांनी विचारलं, कुठला राजा.

यल्लाप्पाला फक्त 'जर्मनीचा' एवढंच म्हणायचं होतं. तो म्हणाला, "वकीलसायबांनी सांगितलंय जर्मनीचा म्हण म्हणून. तसं म्हणतो की. खरं, मला कुठला काय ठावं? ज्येच्या मरणानं ही लढाई थांबंल, त्यो."

त्याचं ते 'खरं' म्हणजे 'पण'. आमच्या भागात मराठी असंच बोलतात. मी शब्दाला शब्द लावून इंग्रजीत सांगितलं. दुसरा इलाज नव्हता. हवालदार, कारकून, शिरस्तेदार, सगळ्यांनाच मराठी येत होतं.

साहेब पुढे वाकले. "आपला बादशहासुद्धा?"

मी विचारलं. विचारताना माझा आवाज खाली गेला, एवढं आठवतं.

यल्लाप्पाने रागाने उत्तर दिलं नाही. बाजारभाव सांगावा तसं तो म्हणाला, "त्येच्या मरणानं थांबणार असंल, तर त्यो तरी कशाला ऱ्हायचा? आमचा भरमू काय कमी हाय त्येच्यापरीस?"

हणमंतरावांनी आपले कागद आवरले. मी भाषांतर केलं. सहा महिने सक्तमजुरी.

दुपारी साहेबांनी मला चेंबरमध्ये बोलावलं. निकालाच्या कागदावर माझी सही हवी होती. सही घेऊन झाल्यावर ते खिडकीकडे बघत म्हणाले, "माझा भाऊ आफ्रिकेत मारला गेला. रणगाड्यात. त्या म्हाताऱ्याचं म्हणणं मला पटतं."

मी दाराकडे वळलो.

"पटतं म्हणूनच त्याला सोडता येत नाही," ते म्हणाले आणि पुढची केस बोलावली.

यल्लाप्पा बेळगावच्या जेलमधून सुटून आला. पुन्हा गाडी हाकू लागला, असं हणमंतरावांकडून कळलं. पुढे एके दिवशी पेपरात आलं की जर्मनीचा तो सर्वेसर्वा मेला. कुणी मारला नाही, त्याने स्वतःच जीव दिला. आठवड्याभरात तिकडे बंदुका थांबल्या. आम्ही राहायचो त्या मळमड्डीत शेजाऱ्यांनी पेढे वाटले. मला वाटलं, म्हातारा बरोबर होता.

त्या पावसाळ्यात यल्लाप्पा कोर्टाच्या आवारात आला. अंगावर घोंगडी, हातात इंग्रजी कागद. पोस्टमास्तरने मजकूर सांगितला होता, तरी त्याला माझ्याकडूनच ऐकायचा होता. मी वाचून दाखवला. भरमू ब्रह्मदेशात एका नदीकाठी मारला गेला होता. जर्मनी शरण गेल्यानंतर.

"त्यो राजा मेला म्हणं," यल्लाप्पा म्हणाला.

"मेला."

"मग आमचा मागनं कसा मेला?"

मी समजावून सांगितलं. भरमू जर्मनीशी लढतच नव्हता. ब्रह्मदेशात जपानी फौजा होत्या.

"त्यांचा राजा येगळा?"

"वेगळा."

"असं किती हायत वो?"

हे त्याने मला मराठीत विचारलं होतं, भाषांतराची गरज नव्हती. त्याने कागद घेतला, घडी घालून घोंगडीच्या आत धरला आणि स्टेशनची वाट धरली.

पुढे माझ्या हाताखाली नवे इंटरप्रिटर आले. त्यांना मी एकच सांगत आलो. साक्षीदार बोलेल तेच सांगा, घालू नका, गाळू नका. तसं केल्याने कुणाचं भलं होतं अशी समजूत मात्र करून घेऊ नका.