हाताच्या पाठीने

आमचे शेजारचे काका मोटरहोमने, म्हणजे चाकांवरच्या घरानेच, फिरतात आणि तिच्यामागे छोटी गाडी तिच्याच चार चाकांवर ओढत नेतात. त्यांचं बघून मीही तेच सुरू केलं. त्यांच्या एका सवयीला मात्र मी हसायचो. कुठेही थांबलो की चहाच्या आधी ते ओढलेल्या गाडीच्या एकेका चाकाशी वाकायचे आणि पोराचा ताप बघावा तसा हात उलटा करून जवळ धरायचे.

"पुढची गाडी दांडगी असते रे," ते म्हणायचे. "मागचं पेटलं तरी तुला कळायचं नाही."

गेल्या महिन्यात आम्ही मिल्टन कीन्सहून नॉटिंगहॅमला निघालो. काका त्यांच्या मोटरहोममध्ये माझ्या मागे होते आणि माझी मुलगी माझ्या मोटरहोमच्या मागच्या सीटवर झोपली होती. निघताना छोटी गाडी जोडून मी तिच्यातून उतरताना इथल्या, इंग्लंडच्या, ड्रायव्हिंग टेस्टसाठी घोटलेल्या सवयीने हँडब्रेक ओढला. थोड्याच वेळात काका मागून सारखे लाइट मारायला लागले. मी वैतागून रस्त्याकडेला गाड्या थांबवायच्या ले-बायमध्ये थांबलो. छोट्या गाडीच्या हँडब्रेकने जखडलेल्या मागच्या चाकांतून धूर निघत होता.

"आधी मुलीला उतरव," एवढंच ते म्हणाले.

मी तिला झोपेतच उचलून लांब गवतावर नेलं. काकांनी आग विझवायचं स्वतःचं एक्स्टिंग्विशर चाकांवर रिकामं केलं. धूर विरल्यावर ते एका मागच्या चाकापासून चालत, पावलं मोजत, ती झोपली होती त्या सीटच्या खिडकीपर्यंत आले.

"सहा," ते म्हणाले.

मग ते छोट्या गाडीच्या पुढच्या चाकाशी वाकले आणि हात उलटा करून जवळ धरला. मीही पलीकडच्या चाकाशी वाकलो.