उभ्यानं न कळणारा वास

वरवंडला माझ्या चुलत्यांनी पोल्ट्री टाकली आणि वासापायी गाव कुरकुरू लागलं. चुलते ग्रामपंचायतीचे सदस्य, म्हणजे अक्कल त्यांच्याच घरी पाणी भरणार. त्यांनी शेडचे पडदे चारी बाजूंनी घट्ट बांधले आणि दारात उदबत्त्या लावल्या. वास गावात गेला नाही, आतच कोंडला. पिल्लांचे डोळे सुजून मिटले.

जनावरांचे डॉक्टर आले. ते पिल्लांच्या उंचीला उकिडवे बसले, खालचा मूठभर भुसा घेऊन दाबला. त्याचा लाडू वळला.

"आप्पा, पाण्याचं भांडं गळतंय, भुसा ओला आहे. पिल्लांच्या डोळ्यांना झोंबणारा हा वास उभ्यानं कळत नाही. जरा खाली बसून बघा."

"म्या तिथं बसू व्हय?" चुलते कडक इस्त्रीच्या सदऱ्यावरनं हात फिरवत म्हणाले.

भांडं मी बदललं, ओला भुसा मी उपसला, पडदे मी उघडले. आठवड्याभरात वास निवला.

मग तालुक्याचे एक पुढारी 'आदर्श पोल्ट्री' बघायला आले. चुलत्यांनी पुन्हा पडदे बांधले, उदबत्त्या लावल्या आणि ते त्याच इस्त्रीच्या कपड्यांत, शेडच्या दारातच, पुढाऱ्यांच्या पायांवर नाक टेकेपर्यंत वाकले.